पाना सापडेपर्यंत

गिरीजला प्लासिडच्या वाडीत शिरलं की उजव्या हाताला पंपाची खोली लागते. तिच्या भिंतीवर एक हिरवी फळी आहे आणि फळीवर लाल रंगाने कोयता, कुदळ, पकड, लहानमोठे पाने अशा एकेका हत्याराची आकृती रंगवलेली आहे. हत्यार आपापल्या आकृतीवर टांगायचं. ते जागेवर नसलं की खालची लाल आकृती उघडी पडते, आणि आकृती उघडी पडली की प्लासिड वाडीतलं सगळं काम थांबवतो. पंप बंद. मजूर बांधावर. घडाला लावलेला हात खाली. हरवलेलं हत्यार सापडेपर्यंत त्या वाडीत केळं पिकू शकतं, पण कापलं जाऊ शकत नाही.

हवाई दलाच्या प्रशिक्षण तळावर उमेदीची बरीच वर्षं काढलेल्या माणसाने वाडीत अशी फळी लावावी, यात गावाला काही वावगं वाटलं नाही. पण निवृत्त होऊन आल्यावर दुसऱ्याच महिन्यात त्याने तशीच एक फळी स्वयंपाकघरात लावली. उलथनं, झारा, किसणी, चिमटा, सुऱ्या, सगळ्यांच्या लाल आकृत्या. आल्बिना त्या घरात लग्न होऊन आल्यापासून रांधत होती आणि झारा कुठे आहे हे तिला डोळे मिटून ठाऊक असायचं, कारण तो नेहमी जिथे असू नये तिथेच असायचा. पहिल्याच नाताळात, वडे तेलात असताना, प्लासिडची नजर फळीवर गेली.

"झारा?"

"क्लेमेंटीन घेऊन गेलीय. तिचा तुटला."

"गॅस बंद कर."

"अहो, वडे आहेत तेलात!"

"वडे कुठे आहेत ते आपल्याला माहीत आहे. झारा कुठे आहे ते माहीत नाही."

शेजारची क्लेमेंटीन तेव्हापासून नुसतं मीठ मागायला आली तरी आधी भिंतीकडे बघते आणि मग बोलते.

गावात प्लासिडला पायलट म्हणतात. तो पायलट नव्हता. पायलट होण्यासाठी जे काही लागतं ते त्याच्याकडे नव्हतं, आणि त्याचं त्याला दुःखही नव्हतं. वॉरंट ऑफिसर होऊन तो निवृत्त झाला. तळावर नव्याने भरती झालेल्या पोरांना विमानाचा सांगाडा, पंख, चाकं कशी तपासायची ते तो शिकवायचा. "मी पायलट नव्हतो," हे तो प्रत्येकाला थांबवून सांगतो, "पायलट वर गेला तर खालीही यावा, याची व्यवस्था मी शिकवत होतो." लोक ऐकून घेतात आणि म्हणतात, "बरं, पायलट."

यापलीकडे त्या तळाबद्दल तो काही सांगत नसे. तळाचं नाव त्याने कधी उच्चारलंच नाही. ते नाव रेल्वेच्या वेळापत्रकात होतं, एसटीच्या पाटीवर होतं, शाळेच्या नकाशातसुद्धा होतं. प्लासिड मात्र "एक ठिकाण" म्हणायचा. त्याचा मामेभाऊ स्टॅनी, ज्याला कुठलंही गुपित पोटात ठेवता येत नाही आणि म्हणून कुणी सांगतही नाही, त्याने एकदा विचारलं होतं, "मेसमध्ये जेवायला काय असायचं रे?"

"ते सांगता येत नाही."

"अरे, डाळीत कसलं आलंय सीक्रेट?"

"डाळ किती शिजते यावरून माणसं किती ते काढता येतं."

स्टॅनीने दोन दिवस विचार केला आणि हे खरं आहे हे लक्षात आल्यावर तो अधिकच चिडला.

आल्बिनाने तो तळ एकदाच बघितला होता. म्हणजे त्याचं फाटक बघितलं होतं. लग्नानंतर वर्षभरात ती सासऱ्यांबरोबर घरी वाळवलेल्या केळ्यांची, सुकेळ्यांची टोपली घेऊन गेली. आत कसलीशी तपासणी चालू होती, पाहुण्यांना बंदी. फाटकापाशी बाकावर दोघं बसली. तिथून तिला एक पाण्याची टाकी दिसली, एक झेंडा दिसला, आणि एक शेळी दिसली जी कुणाला न विचारता आत गेली. प्लासिड आला, सासऱ्यांच्या पाया पडला, टोपली घेतली, तासभर बोलला आणि परत गेला. पुढे क्वार्टर मिळालं तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली होती. सासू गेली तेव्हा मर्सीची शाळा सुरू झाली होती. आणि वाडी तर होतीच. हवाई दलात माणसांच्या बदल्या होतात, केळीच्या होत नाहीत. तेव्हा प्लासिडने तिकडे विमानं सांभाळली आणि आल्बिनाने इकडे वाडी, सासू, सासरे आणि मुलगी. वर्षातून दोनदा तो सुट्टीवर यायचा, घरातल्या सगळ्या कड्या-बिजागऱ्यांना तेल घालायचा आणि जायचा.

या सगळ्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार एकाच गोष्टीची होती. मर्सीच्या बाप्तिस्म्याला तो आला नव्हता.

त्याच्याच सुट्टीप्रमाणे रविवार ठरवला होता. अंगणात मांडव घातला, बँडवाले आले, स्टॅनी गॉडफादर म्हणून नवा सूट शिवून तयार. चर्चमध्ये फादर तेव्हाचे म्हातारे, त्यांनी अर्धा तास वाट पाहिली. अख्खं गाव मिस्साची प्रार्थना सोडून रस्त्याकडे बघत होतं. शेवटी स्टॅनीने मुलीला हातात धरलं आणि सगळं पार पडलं. तार सोमवारी आली: ड्युटीमुळे येता आलं नाही. प्लासिड स्वतः आला तो पुढच्या आठवड्यात, दोन वर्षांच्या मुलीला होईल असा फ्रॉक घेऊन.

"काय झालं होतं?" आल्बिनाने विचारलं.

"सर्विस मॅटर."

आज मर्सी विरार पूर्वेला फुलपाड्यात राहते, बँकेत नोकरी करते, तिचे स्वतःचे केस पिकायला लागलेत, आणि उत्तर अजून तेच आहे. आल्बिनाला बाई वगैरे असला संशय कधी आला नाही. प्लासिडकडे बघून तो कुणालाच येणार नाही. तिला एवढंच कळायला हवं होतं, की त्याला येता आलं नाही, की त्याला यावंसं वाटलं नाही. वटारचा फ्रान्सिस, तोही हवाई दलातच, तो साल्याच्या साखरपुड्यालासुद्धा आठ दिवस येऊन राहायचा. मग ह्यालाच काय झालं? येता आलं नसेल तर राग सोडून द्यायचा आणि यावंसं वाटलं नसेल तर नीट धरायचा. इतकी वर्षं तो राग नुसताच हातात होता, ठेवायचा कुठे ते कळत नव्हतं.

तर झालं असं की गेल्या पावसाळ्यानंतर त्या तळाला ऐंशी वर्षं झाली आणि एका वर्तमानपत्राने रविवारच्या पुरवणीत अख्खं पान छापलं. ते पान घेऊन भालचंद्र सर वटारहून स्कूटरवर आले. सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. गिरीजच्या पॅरिश हॉलमध्ये महिन्यातून एक व्याख्यान ठेवायचं काम त्यांनी आणि फादर फर्डिनंड यांनी अंगावर घेतलं आहे. गेल्या महिन्यात विषय मधुमेह होता.

"प्लासिडराव, आता सगळं छापून आलंय," सरांनी पान टेबलावर पसरलं. "नावासकट. फोटोसकट. वरून काढलेला फोटोसुद्धा आहे बघा."

प्लासिडने आधी खिडकी लावून घेतली. मग चष्मा लावला आणि उभ्यानेच सगळं पान वाचलं. महायुद्ध चालू असताना इंग्रजांनी दख्खनच्या एका मुरमाड माळावर घाईघाईत धावपट्टी बांधली, तिथे पायलट शिकवले, युद्ध संपलं तसे ते पत्र्याच्या बराकी सोडून निघून गेले. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी आपल्या हवाई दलाने तिथे झेंडा लावला. आधी पंख्याची पिवळी विमानं आली, मग जेट आली, मग विमानं दुरुस्त करणाऱ्यांची शाळा आली.

"यात एक चूक आहे," प्लासिड म्हणाला.

सरांनी लगेच पेन काढलं. "कोणती?"

"ते सांगता येत नाही."

पण व्याख्यानाला तो हो म्हणाला. अट एकच, छापून आलंय तेवढंच बोलणार. आल्बिना दाराशी उभी राहून ऐकत होती. तिने सरांना विचारलं, "सर, शेवटी प्रश्न विचारता येतात ना लोकांना?"

"हो तर! प्रश्नोत्तरं हाच तर खरा भाग."

"कोणीही विचारू शकतं?"

"कोणीही, बाय."

शनिवारी मर्सी आली तेव्हा आल्बिनाने तिला बेत सांगितला. मर्सीने चहाचा कप खाली ठेवला.

"आई, सगळ्या गावासमोर?"

"घरात विचारून बघितलं ना एवढी वर्षं."

"आणि सगळ्यांसमोर म्हणाले सर्विस मॅटर, तर?"

"तर सगळ्यांना कळेल मी कशाबरोबर संसार केला ते."

रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर हॉल भरला. गिरीजचे होते, वटारचे होते, बाहेर सावलीत उभे राहून ऐकणारेही होते. प्लासिड ब्लेझर घालून आला, छातीवर पदकं, हातात हत्यारांची पेटी. ही पेटी तळाची नव्हे, हे त्याने दारातच दोघातिघांना सांगितलं. निवृत्त झाल्यावर स्वतः विकत घेऊन, तळावर होती तशीच लावलेली. बरोबर एक छोटी हिरवी फळीही होती, लाल आकृत्यांची.

व्याख्यान सुरू झालं.

"एका वर्षी," प्लासिड म्हणाला, "एका माळावर, एक धावपट्टी बांधण्यात आली. नंतर काही काळ ती वापरात नव्हती. नंतर ती वापरात आली. एका प्रकारची विमानं आली. त्यानंतर दुसऱ्या प्रकारची विमानं आली."

"पहिल्या प्रकारची गेली कुठे?" स्टॅनीने मागून विचारलं.

"प्रश्न शेवटी," भालचंद्र सर म्हणाले, पण त्यांचाही चेहरा पडला होता. छापून आलेल्या पानातलं अर्धंसुद्धा प्लासिड बोलत नव्हता. छापणाऱ्याने चूक केली म्हणून आपण करायची नाही, असा त्याचा हिशेब दिसत होता. पहिल्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी पेंगून माना टाकल्या. आल्बिना दुसऱ्या रांगेत पदर सारखा करून बसली होती आणि शेवटाची वाट बघत होती.

मग प्लासिड म्हणाला, "आता शिकवण्याची पद्धत. ही गुप्त नाही. ही जगभर आहे." आणि तो एकदम दहा वर्षांनी तरुण झाला. त्याने फळी टेबलावर उभी केली, पेटी उघडली आणि एकेक हत्यार काढून आकृतीवर टांगायला लागला. "पोरगं विमानाखाली जायच्या आधी फळी भरलेली बघतं. काम करून आल्यावर फळी पुन्हा भरते. एक जरी जागा रिकामी राहिली, तरी—"

तो थांबला. एक जागा रिकामी राहिली होती. सगळ्यात छोट्या पान्याची.

त्याने पेटी बघितली. पेटी उलटी केली. ब्लेझरचे खिसे बघितले. हॉलमधल्या लोकांना वाटलं हा प्रात्यक्षिकाचाच भाग आहे, आणि कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली.

आल्बिनाला लगेच आठवलं. सकाळी सुकेळी वाळवायच्या मांडवाचा एक बोल्ट हलत होता. पेटी ओटीवरच होती. तिने छोटा पाना घेतला, बोल्ट आवळला, तेवढ्यात दूध उतू जायला लागलं म्हणून आत धावली आणि पाना स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. तो तिथेच होता. ती सांगायला उठलीसुद्धा.

"सगळे बाहेर," प्लासिड म्हणाला. "मैदानात. एका रांगेत."

तो ओरडला नव्हता. पण हा आवाज आल्बिनाने कधी ऐकला नव्हता. घरात तो गॅस बंद कर म्हणायचा तो आवाज हट्टी म्हाताऱ्याचा होता. हा आवाज ऐकून माणसं उठली. माना टाकलेले म्हातारे उठले. सर उठले. स्टॅनी कुठलाही विनोद न करता दाराकडे निघाला, हे तर गावाने पहिल्यांदाच बघितलं. या माणसाने तिकडे काय केलं हे तिला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, आणि आता ते समोर चालू होतं. आल्बिनाने तोंड मिटलं. म्हटलं, दोन मिनिटं बघू तरी.

"पेटी घेऊन मी फाटकातून हॉलपर्यंत आलो. म्हणजे पाना मैदानात असू शकतो," प्लासिडने सांगितलं. "खांद्याला खांदा. पाऊल छोटं. नजर स्वतःच्या पायापुढे, दुसऱ्याच्या नाही. बोलायचं नाही."

"मी पण?" फादर फर्डिनंडनी विचारलं. नवे होते, तरुण होते, आणि त्यांना पुढे एका घरी जेवायला जायचं होतं.

"फादर, तुम्ही डाव्या टोकाला. झगा वर धरा, त्याच्या खाली काही गेलं तर दिसणार नाही."

आणि गिरीजची रांग निघाली. नव्या साड्या, इस्त्रीचे शर्ट, मधे एक ब्लेझर, टोकाला पांढरा झगा गुडघ्यापर्यंत. सगळ्यांच्या माना खाली. रस्त्यावरून जाणाऱ्या रिक्षावाल्याने रिक्षा थांबवून बघितलं आणि काहीतरी धार्मिक असावं म्हणून हात जोडले.

बोलायचं नाही हा नियम दहा पावलं टिकला.

"पायलट, मला बटण मिळालं!"

"खिशात ठेव. पुढे चल."

"आगो, हे माझं कानातलं कुडं!" क्लेमेंटीन किंचाळली. "गेल्या सणाला पडलेलं! मी उगाच सुनेवर—" आणि बाकीचं तिने गिळलं, कारण सून रांगेत तिच्या शेजारीच होती.

"प्लासिडराव, म्हणजे हे तुम्ही धावपट्टीवर करायचा?" सरांनी मान न उचलता विचारलं.

"रोज. उजाडताना. कमांडरपासून स्वयंपाक्यापर्यंत सगळे एका रांगेत. जेटच्या इंजिनाचं तोंड कायम वासलेलं असतं, सर. समोर येईल ते ओढून घेतं. खडा गेला तरी इंजिन गेलं."

"आणि पंख्याच्या विमानांच्या काळात?"

"तेव्हा खडे नव्हते, ज्वारी होती." प्लासिड खाली बघून चालत होता आणि आपण बोलतोय हे त्याच्या ध्यानात नव्हतं. "इंग्रज गेले तेव्हा आसपासच्या शेतकऱ्यांना असं आयतं खळं कुठे मिळणार? सगळ्या पंचक्रोशीची मळणी धावपट्टीवर व्हायची. हवाई दल आलं तरी सुगीला बैलगाड्या यायच्याच. फाटकावरचे संत्री अडवायचे, तर म्हातारे म्हणायचे, आमचं खळं आहे, तुमचं विमान जरा बाजूला घ्या. मी गेलो तेव्हासुद्धा पावसात धावपट्टीच्या फटींतून ज्वारी उगवायची. आम्ही रांगेत उपटत जायचो."

"हे पेपरात नव्हतं!" सर आनंदाने ओरडले.

प्लासिड दचकला. "ते विसरा," म्हणाला.

आल्बिना त्याच्या उजव्या खांद्याला खांदा लावून चालत होती. पाना खिडकीत आहे हे सांगायची वेळ केव्हाच टळून गेली होती. प्रश्नोत्तरांपर्यंत थांबायचं कशाला, असं तिला वाटलं. मंचावरून तो सर्विस मॅटर म्हणाला असता. इथे तो बोलत होता.

"अहो."

"खाली बघ."

"खालीच बघतेय. आणि हरवलेलं नाहीच सापडलं तर?"

"तर पुन्हा पहिल्यापासून. सापडेपर्यंत एक विमान उडत नाही."

"आणि सुट्टीवर निघालेला असला कोणी?"

प्लासिडचं पाऊल चुकलं. त्याच्या डावीकडची माणसं पुढे गेली, उजवीकडची थांबली, रांगेला एक बाक आला. मग त्याने पाऊल जुळवलं.

"बॅग खांद्याला होती," तो म्हणाला. "तिकीट खिशात. फाटकापर्यंत पोचलो होतो. मागून शिट्टी झाली."

"काय हरवलं होतं?"

"बुटका स्क्रूड्रायव्हर."

"तुमचा?"

"एका पोराचा. बिहारचा होता, नवीन. नुसता थरथरत होता. वर्ग माझा."

"मग तुम्हाला सोडलं नाही का?"

आता खरं तर नाही सोडलं म्हणायला काही हरकत नव्हती. विचारायला कुणी साक्षीदार नव्हता आणि आल्बिनाने ते ऐकून घेतलं असतं.

"साहेब म्हणाले, तू जा. मुलीचा बाप्तिस्मा आहे, आम्ही शोधतो."

"म्हणजे येता येत होतं."

"येत होतं."

"आणि आला नाहीत."

"मी गेलो असतो तर तो पोरगा म्हणाला असता, सापडला." प्लासिड हळू बोलत होता, पण पावलं बरोबर पडत होती. "बाजारात तसलाच मिळतो. घाबरलेलं पोर काय करतं, नवा आणून फळीवर टांगतं. फळी भरलेली दिसते. सगळे खूश होऊन जेवायला जातात. आणि जुना विमानात कुठेतरी पडलेला राहतो. असं दुसरीकडे झालेलं मला माहीत होतं. म्हणून त्या पोराला मी नजरेआड होऊ दिलं नाही. त्याच्या शेजारी झोपलो. त्याच्याबरोबर एकेक विमान उघडलं."

"सापडला?"

"तिसऱ्या दिवशी. पंखात. जिथे विमान वळवणारा दांडा हलतो तिथेच." पुढचं त्याने सांगितलं नाही. ते विमान उडालं असतं तर आत एक विशीतला शिकाऊ पोरगा बसलेला असता, हे सांगायची गरजही नव्हती.

रांग मैदानातल्या पुतळ्याच्या चौथऱ्याला वळसा घालून पुढे सरकली.

"आणि हे मला सांगता येत नव्हतं?" आल्बिना म्हणाली. "घरी आल्यावर? दार लावून?"

"तीन दिवस आपलं एकही विमान जागेवरून हललं नव्हतं. हे बाहेर जाता कामा नये."

"कुणाला कळू नये म्हणून?"

"शत्रूला."

"अहो, शत्रू गिरीजला येणार होता? बाप्तिस्म्याला?"

यावर प्लासिडने खरोखर विचार केला. तो विचार करतोय हे तिला त्याच्या खांद्यावरून कळलं. "नसता आला," त्याने कबूल केलं. "पण स्टॅनी होता."

आल्बिना हसली नाही. तिला राग यायला हवा होता आणि तो आलाही. पण इतकी वर्षं तिने त्या रागासाठी दोनच जागा रिकाम्या ठेवल्या होत्या, आणि तो दोन्हींत बसेना. त्याला येता येत होतं. त्याला यावंसं वाटत होतं. आणि तो आला नव्हता. एका परक्या आईच्या पोराशेजारी जमिनीवर झोपला होता, आणि फ्रॉक घेताना मुलगी केवढी झाली असेल याचा अंदाज चुकला होता. खोटं बोलणं इतकं सोपं असताना आत्ताही तो खोटं बोलला नव्हता. मग आपण तरी किती वेळ खोटं बोलायचं?

"पाना घरी आहे," ती म्हणाली. "स्वयंपाकघराच्या खिडकीत. मी सकाळी घेतला होता."

प्लासिडने मान वर केली. रांगेत चालताना त्याने मान वर केल्याचं तळावरच्याही कुणी बघितलं नसेल. तो थांबला तशी रांग थांबली. डाव्या टोकाला फादरनी आशेने झगा खाली सोडला.

"सापडला का?" स्टॅनीने हाक मारली.

सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. सरांच्या कपाळावर घाम होता, क्लेमेंटीनच्या मुठीत कुडं होतं. आल्बिना आता ओरडा खायला तयार होऊन उभी राहिली. गॅस बंद करायला लावणारा माणूस यावर काय करेल हे तिला पुरेपूर ठाऊक होतं. अख्ख्या गावासमोर, पदकं लावून.

"हातात येत नाही तोपर्यंत सापडला म्हणत नाहीत," प्लासिड मोठ्याने म्हणाला. "रांग पुढे चालू दे. मर्सी!"

मर्सी चार माणसं सोडून होती. ती धावत आली.

"घरी जा. स्वयंपाकघराच्या खिडकीत बघ. असेल तर घेऊन ये." आणि ती वळली तेव्हा मागून म्हणाला, "धावू नकोस."

रांग पुन्हा निघाली. कुरकुर झाली, पण निघाली. फादरनी झगा पुन्हा उचलला. समोर मैदानाची भिंत अजून बरीच लांब होती. प्लासिड खाली बघत चालायला लागला. थोड्या वेळाने त्याने घसा साफ केला.

"त्या दिवशी," तो म्हणाला, "पाणी ओतलं तेव्हा रडली का ती?"

हे त्याने कधीच विचारलं नव्हतं. आपण नव्हतो तर आपल्याला विचारायचा हक्क नाही, असं त्याने कुठल्या नियमात वाचलं होतं कोण जाणे.

"पाण्याला नाही रडली. स्टॅनीच्या मिशीला रडली," आल्बिना म्हणाली. "फादर पाणी ओततायत आणि हिने मिशी धरलीय, ती सोडेना. स्टॅनीच्या डोळ्यांतून पाणी. लोकांना वाटलं भक्तीने."

प्लासिडच्या खांद्याला एक हिसका बसला.

"आणि मग?"

"मग काय? तसं नाही कळायचं. सुरुवातीपासून सांगायला पाहिजे," असं म्हणून आल्बिनाने मांडव घालायला आलेल्या माणसांपासून सुरुवात केली, म्हणजे आदल्या शुक्रवारपासून.